नवव्या मजल्याची चौथी खिडकी

त्याला सगळे पाल म्हणत. उंच इमारतींच्या काचा बाहेरून धुणं हा त्याचा धंदा होता. गच्चीवरच्या खांबाला दोर बांधायचा, दोराला लटकवलेल्या फळीवर बसायचं आणि भिंतीच्या कडेकडेने सरकत खाली यायचं. कमरेला बादली, एका हातात साबणाचा ब्रश, दुसऱ्या हातात वायपर. लांबून तो खरोखरच पालीसारखा दिसे. लोक ‘पाल आला’, ‘पाल गेला’ म्हणायचे तेव्हा त्याची मुलगी कपाळावर हात मारून घ्यायची. “बाबा, पाल येते. ‘पाल आला’ असं कधी नसतं. लोकांना निदान व्याकरण तरी शिकवा.” बायकोला ते नाव मुळीच आवडत नसे. ती म्हणायची, “म्हणजे मी कोण झाले?”

त्याच्यासोबत त्याचा मेहुणा असे, बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं काम गच्चीवर बसून दोरांवर लक्ष ठेवायचं. गाठ सैल होत नाही ना, कठड्यावर दोर घासत नाही ना, कुणी उगाच हात तर लावत नाही ना, एवढंच बघायचं. मेहुणा विसराळू होता, पण दोराच्या बाबतीत चोख. त्याच्या भरवशावर पाल रोज जीव टांगत होता.

या धंद्यात एक पथ्य फार कडक. काच बघायची, घर बघायचं नाही. माणसं खिडकीशी कशीही वावरतात, कारण इतक्या उंचावर कोण बघणार? पालने खूप बघितलं होतं. आरशापुढे रडायचा सराव करणारा एक गृहस्थ, एकमेकांकडे पाठ करून जेवणारं नवरा-बायकोचं जोडपं, पाहुणे यायच्या आधी घाईघाईने हसरा चेहरा लावून बसलेलं अख्खं घर. खाली उतरेपर्यंत तो सगळं विसरून जायचा. विसरायलाच लागायचं. त्याच्या ओळखीच्या एका काचवाल्यावर एका बाईने ‘हा आत डोकावतो’ म्हणून आळ घेतला होता. खरं-खोटं कुणी विचारलंसुद्धा नाही. त्यानंतर त्या माणसाला कुणी इमारतीच्या फाटकातही उभं केलं नाही.

ही हकीकत घडली ती इमारत बारा मजल्यांची. तिथले सचिव दातांचे डॉक्टर होते. दवाखाना त्यांनी आता बंद केला होता, पण लोक अजून त्यांना डॉक्टरच म्हणत. गोड माणूस. आवाज असा, की नुसतं ‘दुखणार नाही हं’ म्हटलं तरी अर्धं दुखणं पळावं. पालच्या मुलीचा दुधाचा दात त्यांनीच काढला होता आणि तिच्या हातात फुगा दिला होता. घरी ते आणि त्यांची बायको, दोघंच. मुलगी परदेशात. तिने पाठवलं म्हणून अधूनमधून सगळ्या मजल्यांवर चॉकलेटं वाटली जात. पहारेकऱ्यालाही मिळत, पाललाही मिळालं होतं.

त्या वर्षी इमारतीला रंग दिला होता आणि मागच्या बाजूच्या काचांवर रंगाचे शिंतोडे उडाले होते. मागच्या बाजूला पाल पहिल्यांदाच उतरत होता. सकाळी डॉक्टरांनी मेहुण्याला बजावलं होतं, “आमच्या नवव्या मजल्यावर मागच्या काचा राहू द्या. कबुतरांनी अंडी घातली आहेत, बिचारी घाबरतील.” मेहुणा हो म्हणाला आणि सांगायचं विसरला.

नवव्या मजल्यावर पाल पोचला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. कबुतरं नव्हती, अंडी नव्हती. ओळीने चार खिडक्या होत्या. तीन साध्या, पडद्यांच्या. चौथीला आतून तपकिरी कागद चिकटवलेला. अडगळीची खोली असेल असं मनाशी म्हणत त्याने साबण लावला, वायपर ओढला. कागद एका कोपऱ्यात तळहाताएवढा फाटला होता. तिथली काच स्वच्छ झाली आणि त्याला तिच्यात डोळा दिसला.

त्याला वाटलं, आपलाच. काचेत माणूस स्वतःला बघतोच. मग तो डोळा मिटला आणि उघडला. पालने पापणी हलवली नव्हती.

तो मागे सरकला. फळी हेलकावली, बादलीतलं पाणी मांडीवर सांडलं. पाय भिंतीला टेकवून त्याने स्वतःला सावरलं आणि जन्मात पहिल्यांदा काच सोडून मुद्दाम आत बघितलं.

आतून कुणीतरी कागद आणखी फाडत होतं. नखांनी, हळूहळू. एक चेहरा दिसायला लागला. बाई होती. केस पांढरे, पण चेहरा तरुण, म्हणजे त्याच्या बायकोपेक्षाही लहान. ती हसली. समोरचे दात नव्हते. तिने तळवा काचेला लावला. काय करावं ते न सुचून पालने सवयीने वायपर ओढला, तर आतून तिचा हात वायपरच्या मागोमाग सरकत गेला, डावीकडून उजवीकडे. त्याने पुन्हा ओढला, तिने पुन्हा सरकवला. हा खेळ तिला आवडला होता, हे कळत होतं. त्याचं मात्र खेळात लक्ष नव्हतं. कारण तो चेहरा त्याच्या ओळखीचा होता. कामाचे पैसे घ्यायला तो जाई, तेव्हा डॉक्टरांच्या दिवाणखान्यात भिंतीवर त्यांच्या मुलीचा मोठा फोटो दिसे. पदवीचा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी. परदेशातली मुलगी.

तेवढ्यात तिच्या मागे दार उघडलं. डॉक्टर ताट घेऊन आत आले.

त्यांनी पालला बघितलं. ते दचकले नाहीत की ओरडले नाहीत. ताट खाली ठेवलं, सांडणार नाही असं जपून. खिडकीपाशी आले, मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला, तिला बाजूला केलं आणि फाटलेला कागद अंगठ्याने दाबून दाबून जागेवर बसवला. राहिलेल्या फटीतून पालला दिसलं, ते खोलीबाहेर गेले.

आता कुठे गेले असतील? खाली? की वर? वर म्हणजे गच्ची. गच्चीवर दोर.

“अरे ए!” पाल जिवाच्या आकांताने ओरडला. “गच्चीचं दार लाव! कडी घाल!”

कठड्यावरून मेहुण्याचं डोकं डोकावलं. “काय म्हणता दाजी?”

“दार! दार लाव!”

“वारा आहे दाजी, ऐकू येत नाही!” आणि ते डोकं मागे गेलं. कुणीतरी त्याला हाक मारली असावी.

पाल वर बघत राहिला. आकाश, कठडा आणि कठड्यावरून खाली येणारे आपले दोन दोर, याखेरीज काही दिसत नव्हतं. मग दोर थरथरला. अगदी थोडा, कुणी हात ठेवावा इतपत. आणि कठड्यावर डोकं दिसलं, ते डॉक्टरांचं होतं.

“सावकाश,” ते म्हणाले. वारा असूनही त्यांचा आवाज नीट ऐकू आला. “घाई करू नका. पडाल.”

त्यानंतर नऊ मजले तो कसा उतरला हे त्याला कधीच नीट सांगता आलं नाही. पकड सैल करून दोर हातांतून सरकू दिला. हातमोजे फाटले, तळव्यांची सालं निघाली. जमिनीला पाय लागले तेव्हा तो मटकन खालीच बसला.

मेहुण्याने नंतर सांगितलं, “अहो, डॉक्टरांनी मला चहा आणायला पाठवलं. मी इथे थांबतो म्हणाले. काही केलं नाही त्यांनी दाजी. जिन्यातून मी वळून बघितलं, दोरावर नुसता हात ठेवला होता.”

पाल पट्टा सोडत होता, तोवर डॉक्टर लिफ्टने खाली आले. गाड्यांच्या रांगेत कुणी नव्हतं. त्यांनी पालचे तळवे उलटे-सुलटे करून तपासले. “मलम लावा. दोन दिवस भिजवू नका.”

पालने हात मागे घेतले.

“ती आजारी आहे,” डॉक्टर म्हणाले. “बाहेरचं जग तिला झेपत नाही. आम्ही तिला जपतो. तुम्हालाही मुलगी आहे, तुम्हाला कळेल.”

“मी काही बघितलं नाही डॉक्टर.”

“तेच बरं. कारण कसं आहे, कागद लावलेल्या खिडकीतून एका बाईच्या खोलीत तुम्ही का बघत होतात, असं कुणी विचारलं तर मी तरी काय सांगणार? मला खोटं बोलता येत नाही.” मग ते हसले आणि जाता जाता म्हणाले, “पुढच्या वर्षीही काम तुमच्याकडेच हं.”

घरी पालने सांगितलं, दोर घसरला. मुलीने हाताला पट्ट्या बांधल्या. ती बाबांना ओरडत होती, हसत होती आणि पाल तिच्या दातांकडे बघत होता. ताट अर्धवट ठेवून तो उठला. त्याने खिडकीचा पडदा ओढून घेतला, मग त्या पडद्याचीच भीती वाटून तो सारून टाकला. पुढच्या काही दिवसांत त्याचं चित्तच थाऱ्यावर राहिलं नाही. रस्त्याने जाताना तो इमारतींच्या खिडक्या बघायचा. प्रत्येक पडद्यामागे, प्रत्येक बंद झडपेमागे काय असेल? समोरून हसत येणाऱ्या माणसाने घरातून निघताना कुठलं दार बाहेरून लावलं असेल? इतकी वर्षं तो काचा पुसत होता आणि आता एकाही काचेवर त्याचा विश्वास बसत नव्हता. मुलीला शाळेतून यायला जरा उशीर झाला की तो फाटकाशी जाऊन उभा राहायचा.

बायको एका रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती. लोकांची मळकी चादर बघून आतल्या माणसाचा अंदाज बांधायची तिला सवय. तिने काही दिवस वाट बघितली आणि एका दुपारी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, “दोर घसरला नव्हता.”

“अगं, सांगितलं ना...”

“अहो, दोर घसरला तर माणूस दोराला भितो. तुम्ही माणसांना भिताय. काय झालं ते सांगा.”

त्याने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की तिला पुढे वाकून ऐकावं लागलं. सांगून झालं तेव्हा तिचे हात थांबले होते. हातातली घडी तशीच राहिली.

“मी काय करू?” तो म्हणाला. “मीच आत डोकावलो असं होईल. धंदा जाईल. आणि तो माणूस दोरावर हात ठेवून उभा होता गं. त्याने काही केलं नाही, पण मला कळलं ना, की तो करू शकतो.”

“तुम्ही डोकावला नाहीत,” बायको म्हणाली. “ती बाहेर बघत होती. किती दिवसांनी कुणाला ठाऊक. आणि आता तिला कागदाशिवाय काही दिसत नसेल.”

त्या इमारतीत आठव्या मजल्यावर, डॉक्टरांच्या बरोबर खाली, एक निवृत्त परिचारिका एकट्या राहत. सगळे त्यांना सिस्टर म्हणत. पाल समोरच्या काचा धूत असला की त्या खिडकीतून त्याला पाण्याचा पेला देत. दुसऱ्या दिवशी दोघं नवरा-बायको त्यांच्याकडे गेली. पालने सगळं सांगितलं. सिस्टर ऐकता ऐकता पांढऱ्या पडल्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि नकळत छताकडे बघितलं.

“चालण्याचा आवाज येतो,” त्या म्हणाल्या. “मागच्या कोपऱ्यात. चार पावलं, मग वळते. चार पावलं, मग वळते. डॉक्टर आणि त्यांच्या बाई बाहेर गेलेले असतात तेव्हासुद्धा. मी एकदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, सिस्टर, वय झालं की कान वाजतात. मीही म्हटलं, वाजत असतील.” त्या थांबल्या. “खोटं कशाला बोलू? मला तसं म्हणणंच सोयीचं होतं. पहारेकरी एकदा म्हणाला होता, दोघांच्या घरात तिघांचं दूध येतं. आम्ही हसलो होतो त्यावर.”

पालने बायकोकडे बघितलं. त्याला इतके दिवस वाटत होतं, हे आपल्या एकट्यालाच माहीत आहे. खरं म्हणजे सगळ्या इमारतीला थोडं थोडं माहीत होतं.

सिस्टरच्या ओळखीच्या एक पोलीस अधिकारी होत्या. त्यांना फोन गेला. त्या दोन शिपाई घेऊन आल्या आणि थेट नवव्या मजल्यावर गेल्या. पाल आणि त्याची बायको सिस्टरच्या घरात बसून राहिली. वरून डॉक्टरांचं हसणं ऐकू येत होतं. थोड्या वेळाने अधिकारी बाई खाली आल्या. चेहरा त्रासलेला.

“सगळं घर दाखवलं त्यांनी. कपाटंसुद्धा उघडून दाखवली. मागच्या बाजूला तीन खोल्या आहेत, तिन्ही रिकाम्या. मुलीचा फोटो दाखवला, परदेशातला म्हणाले. चहा विचारला त्यांनी आम्हाला. तुमचा मजला चुकला असेल.”

“खिडक्या चार आहेत बाई,” पाल म्हणाला. “बाहेरून चार आहेत.”

“खालून बघितलं तर मधे पाइप आहेत, नीट कळत नाही. आणि भिंत फोडायची तर मला काहीतरी हातात हवं. कुणाच्या सांगण्यावरून मी प्रतिष्ठित माणसाचं घर फोडू शकत नाही. आत्ता निघाले तर पुन्हा कधी येता येईल, सांगता येत नाही.”

त्या निघाल्या की आत काय होईल, हे कुणी बोललं नाही. पालच्या डोळ्यांपुढे ते ताट आलं, जपून खाली ठेवलेलं.

“मी बाहेरून जातो,” तो म्हणाला. आपणच हे बोललो हे ऐकून त्याला भीती वाटली. “त्या खिडकीवर टकटक करतो. तुम्ही आत उभ्या राहा. ऐका कुठून आवाज येतो ते.”

दोर खाली थांबलेल्या मेहुण्याच्या टेम्पोतच होते. पण मेहुण्याने कानाला हात लावला. “दाजी, पाया पडतो. त्या गच्चीवर मी पाऊल ठेवणार नाही. परत त्यांनी मला कशालातरी पाठवलं तर?”

“मी बसते दोरापाशी,” बायको म्हणाली.

“तुला गाठीतलं काय कळतं?”

“गाठ तुम्हीच मारा. मी तिथून उठणार नाही, एवढंच मला कळतं. आणि मला चहा आणायला पाठवणारा अजून जन्माला यायचाय.”

गच्चीवर त्याने गाठी मारल्या, सोडल्या, पुन्हा मारल्या. तळव्यांच्या जखमा अजून ओल्या होत्या. बायको खांबाला पाठ लावून बसली, पाय दोराच्या दोन्ही बाजूंना पसरून. कठडा ओलांडताना त्याने तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्याने वर बघितलं नाही. वर बायकोखेरीज दुसरं कुणी दिसलं असतं तर त्याच्या हातून दोर सुटला असता.

चौथ्या खिडकीवर नवा कागद होता, जाड, काळा. फट कुठेच नव्हती. आतून अधिकारी बाईंचा फोन आला. “आम्ही तिसऱ्या खोलीत आहोत. करा.”

त्याने वायपरच्या दांड्याने काचेवर ठोकलं. काही नाही. पुन्हा ठोकलं. आत सगळं शांत. त्याच्या मनात आलं, उशीर झाला. आपण घाबरून घरी बसलो, पडदे ओढत बसलो, तेवढ्यात संपलं सगळं. त्याने दांडा टाकून दिला आणि तळव्याने काच बडवायला सुरुवात केली. “ताई! अहो ताई! मी आहे, काचवाला!” जखम फुटून काचेवर रक्ताचे ठसे उमटले. ते पुसायला म्हणून त्याने सवयीने काचेवर हात घासत सरकवला, डावीकडून उजवीकडे.

आतून थाप आली. एक, मग दुसरी, मग त्याच्या हाताच्या मागोमाग थापाच थापा. आणि फोनमधून अधिकारी बाईंचा आवाज, एकदम बदललेला, “कपाटाच्या मागून येतंय. ओढा ते कपाट. ओढा!”

कपाटाच्या मागे दार होतं. कुलूप तोडायला फार वेळ लागला नाही. डॉक्टर भिंतीशी उभे होते. त्यांनी अडवलं नाही, फक्त त्या गोड आवाजात सांगत राहिले, “हळू, तिला प्रकाशाचा त्रास होतो.” रडली ती त्यांची बायको. तिने अधिकारी बाईंचा हात धरला आणि जे सांगितलं ते सिस्टरने दारातून ऐकलं.

“आठवडाभरच ठेवणार होतो हो. पदवीनंतर पुढचं शिकत होती तेव्हा डोकं बिघडलं. ओरडायची, कुठेही निघून जायची. लोक काय म्हणतील म्हणून सांगितलं, परदेशी गेली. मग सगळे विचारायला लागले, कशी आहे, काय करते. आम्ही सांगत गेलो. मग तिला बाहेर कशी काढणार? कुठून आली म्हणून सांगणार? आम्ही तिला उपाशी नाही ठेवलं कधी.” दातांबद्दल विचारलं तेव्हा ती म्हणाली, “ती चावायची,” आणि नवऱ्याकडे बघून गप्प झाली.

पुढे चौकशी, कोर्ट सगळं झालं. डॉक्टरांना शिक्षा झाली, त्यांच्या बाई आपल्या भावाकडे निघून गेल्या. इमारतीत काही दिवस लोक एकमेकांशी बोलायचे टाळत. सिस्टरने घर विकलं. त्या म्हणत, वरून आवाज येत नाही, तेच आता ऐकू येतं.

पालला कुणी शाबासकी दिली नाही असं नाही. अधिकारी बाईंनी सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला होता. पण कामं तुटली. लोक तोंडावर कौतुक करायचे आणि काचा धुवायला दुसऱ्याला बोलवायचे. जिथे बोलवायचे तिथे तो येण्याआधी सगळ्या मजल्यांवर पडदे लागलेले असायचे. तो खाली उतरत असताना पडद्यांच्या कडा हलायच्या, आतून त्याच्यावर नजर असायची. ‘ज्यांच्याकडे लपवायला काही नाही तेसुद्धा मला बघून घाबरतात,’ तो बायकोला म्हणाला, ‘आणि मी त्यांना.’ शेवटी त्याने घरांची कामं सोडली. आता तो दुकानांच्या आणि कचेऱ्यांच्या काचा धुतो, तळमजल्यावरच्या, जमिनीवर उभा राहून. मेहुण्याला दोर सांभाळायचे नसल्यामुळे तो बादल्या भरतो आणि विसरतो.

ती मुलगी, म्हणजे आता बाई, एका आश्रयगृहात आहे. औषधांनी तिला पुष्कळ बरं वाटतं. पण ती दार असलेल्या खोलीत झोपत नाही, व्हरांड्यात अंथरूण घालते. पालची बायको तिला भेटायला गेली होती. पाल गेला नाही. त्याच्याने होईना. बायको तिच्याशेजारी पायरीवर बसली आणि आपण कोण ते सांगितलं. बायको सोलत असलेल्या संत्र्याकडे तिने बघितलं. मग विचारलं, “तो बाहेरचा माणूस पहिल्या दिवशी एकदम खाली गेला. मला वाटलं, बाबांनी त्याला पाडलं. तसं नाही ना?”

“नाही,” बायको म्हणाली. “तो घरी आहे.”

“मग बरं,” ती म्हणाली. तिने बायकोच्या ओंजळीतली संत्र्याची फोड उचलली, नवीन बसवलेल्या दातांनी ती सावकाश चावली आणि रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या माणसांकडे बघत बसली.